प्रोस्टेटचा कर्करोग, सुजेच्या गोळ्या आणि घरातली हळद : वडिलांना काय द्यावे, काय थांबवावे?

प्रश्नकर्ती, देवगड तालुका

नमस्कार. वडिलांसाठी विचारत आहे. हा आजार ज्यांनी स्वतः किंवा घरात पाहिला आहे आणि ज्यांना औषधांची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वडील ६९ वर्षांचे असून आमची हापूसची लहानशी बाग आहे. गेल्या मार्गशीर्षात कंबरदुखी थांबेना म्हणून तपासण्या केल्या, तेव्हा प्रोस्टेटचा कर्करोग निघाला आणि तो कमरेच्या मणक्यात व डाव्या खुब्यात पोचल्याचे हाडांच्या स्कॅनमध्ये दिसले. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी हार्मोनचे इंजेक्शन, रोज अ‍ॅबिराटेरॉनच्या २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची ५ मिलिग्रॅमची एक गोळी असे उपचार चालू आहेत. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्वास्टॅटिन या गोळ्या जुन्याच आहेत. पीएसए, म्हणजे रक्तातला प्रोस्टेटच्या आजाराचा निर्देशांक, ८४ होता, तो आता ०.६ वर आला आहे, त्यामुळे औषध लागू पडले याचे समाधान आहे.

अडचण पुढेच आहे. कर्करोग म्हणजे शरीरात धुमसत राहिलेली सूज, असे कोणीतरी आईला सांगितले, आणि तेव्हापासून घरात सूज उतरवण्याचा कार्यक्रमच सुरू झाला आहे. आई पहाटे साडेपाचला उठून खलबत्त्यात चार मिरे कुटते, पेलाभर दुधात ते, चमचाभर हळद आणि वर तूप घालून उकळते, आणि अ‍ॅबिराटेरॉनच्या चारही गोळ्या त्या दुधाबरोबरच देते, कारण एवढ्या जालीम गोळ्या रिकाम्या पोटी बाधतील असे तिला वाटते. शेजारच्या काकांच्या पुतण्याने मुंबईहून हळदीच्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत. बाटलीवर कर्क्युमिन ९५ टक्के आणि मिऱ्याचा अर्क असे लिहिले आहे. दुसऱ्या एका नातेवाइकांचा आग्रह आहे की रोज एक अ‍ॅस्पिरिन घ्यावी, कारण तिने कर्करोग पसरत नाही. शिवाय कंबर पुन्हा दुखू लागल्यामुळे बाजारातल्या मेडिकलमधून आणलेली सुजेची गोळी ते गेले तीन आठवडे दिवसातून दोनदा घेत आहेत. परवाच्या अहवालात मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.८ आले, चैत्रात ते १.१ होते. संध्याकाळी घोटे सुजलेले दिसतात.

माझे प्रश्न असे : हळदीच्या कॅप्सूल सुरू कराव्यात का? अ‍ॅस्पिरिनचा खरेच उपयोग आहे का? आणि दुखण्यासाठी कोणती गोळी निर्धास्तपणे देता येईल? पुढची तारीख मुंबईतल्या परळच्या रुग्णालयाची आहे आणि ती पाच आठवड्यांनी आहे. कणकवलीहून रात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडून जायचे म्हणजे वडिलांना दोन दिवस झोपावे लागते, म्हणून मधल्या काळात काय करावे हे कळत नाही.


निवृत्त औषधनिर्माता, रत्नागिरी

ताई, आपल्या प्रश्नांचा क्रम मी बदलतो, कारण जी गोष्ट आपण विचारलीच नाही तीच आधी सांगायला हवी. अ‍ॅबिराटेरॉनच्या चार गोळ्या दुधाबरोबर देणे उद्यापासून बंद करा.

हे औषध पोटात असलेल्या स्निग्ध पदार्थाबरोबर भलतेच जास्त शोषले जाते. उत्पादकाच्या अधिकृत माहितीपत्रकातच असे नमूद आहे की भरपूर चरबीच्या जेवणाबरोबर घेतल्यास रक्तात पोचणारे एकूण औषध उपाशीपोटी घेतल्याच्या तुलनेत दहापटीपर्यंत जाऊ शकते. म्हणून चार गोळ्यांचा पूर्ण डोस घेणाऱ्याने गोळ्यांच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचे नसते, आणि गोळ्या न फोडता साध्या पाण्याबरोबर गिळायच्या असतात. दूध आणि तूप म्हणजे नेमके जे नको तेच. रिकाम्या पोटी औषध बाधते हा आईंचा समज प्रेडनिसोलोनच्या बाबतीत अगदी बरोबर आहे आणि ती गोळी खाल्ल्यानंतरच द्यावी. पण तोच नियम त्यांनी चार गोळ्यांना लावला आणि घोटाळा झाला. औषध प्रमाणाबाहेर गेले की रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरते, अंगात पाणी साठते, यकृतावर ताण येतो. घोट्यांची सूज यातून आली असेल, पुढे सांगतो त्या गोळीतून आली असेल, किंवा दोन्हींतून.

आता ती सुजेची गोळी. पट्टीची मागची बाजू उजेडात धरून बारीक अक्षरे वाचा. बहुतेक वेळा तिथे अ‍ॅसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम आणि कधी सेराशिओपेप्टिडेज अशी तिहेरी जुळणी निघते. गिऱ्हाईक एकच गोळी मागते, त्याला तीन औषधे मिळतात आणि त्यांतले मूत्रपिंडाला महागात पडणारे कोणते, हे त्याला कोणी सांगत नाही. मी स्वतः छत्तीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला उभा होतो, त्यामुळे हा दोष दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

ही औषधे प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखून दुखणे आणि सूज कमी करतात. गंमत अशी की १९३५ साली उल्फ फॉन ऑयलर यांनी हे नाव ठेवले ते ही द्रव्ये प्रोस्टेटमधून येतात अशा समजुतीने, आणि अ‍ॅस्पिरिन त्यांची निर्मिती कशी थांबवते हे १९७१ साली जॉन व्हेन यांनी दाखवले, ज्यासाठी त्यांना १९८२ चे नोबेल मिळाले. हीच द्रव्ये मूत्रपिंडात रक्त आणणारी बारीक वाहिनी उघडी ठेवतात. वेदनाशामकाने ती आवळली जाते, तर टेल्मिसार्टन रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करते. म्हणजे येणे कमी आणि जाणे मोकळे झाल्याने मधल्या गाळणीत रक्त गाळण्यापुरता दाबच उरत नाही. सोबत लघवी वाढवणारी गोळीही असेल तर संकट तिहेरी होते. क्रिएटिनिन १.१ वरून १.८ वर जाण्याचे हे एक सरळ कारण असू शकते. आपल्याकडे म्हसळा तालुक्यात चिरगावला गिधाडांसाठी किती खटाटोप करावा लागला हे ठाऊक असेल. गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकमुळे मेलेले जनावर खाऊन त्या पक्ष्यांची मूत्रपिंडेच निकामी होत होती, आणि २००६ साली त्याचा जनावरांसाठीचा वापर देशात बंद करण्यात आला. माणूस गिधाडाइतका नाजूक नसला, तरी अ‍ॅसिक्लोफेनॅक हे त्याच डायक्लोफेनॅकचे सख्खे भावंड आहे.

कॅप्सूलविषयी थोडा हिशेब मांडतो. घरच्या हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते. चहाचा चमचाभर, म्हणजे अंदाजे ३ ग्रॅम हळदीत ते ९० मिलिग्रॅमच्या आसपास भरते. ९५ टक्के शुद्धतेच्या ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ते ४७५ मिलिग्रॅम असते, म्हणजे एक कॅप्सूल गिळणे हे पाच चमचे हळद खाण्यासारखे आहे, आणि बाटलीवर दिवसातून दोन घ्या असे लिहिलेले असते. वर मिऱ्यातले पायपेरिन. बेंगळुरूच्या १९९८ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपेरिन दिल्यावर कर्क्युमिनचे शोषण २००० टक्क्यांनी वाढले होते. जाहिरातदार हाच आकडा मिरवतात. मात्र पायपेरिन फक्त हळदीलाच दार उघडून देत नाही. यकृतातली औषधे मोडणारी यंत्रणा ते मंदावते, आणि प्रोप्रॅनोलॉल, थिओफायलिन यांसारख्या औषधांचे रक्तातले प्रमाण त्यामुळे वाढल्याचे माणसांत पाहिलेले आहे. अ‍ॅबिराटेरॉनवर त्याचा मोठा परिणाम होईल असे मला वाटत नाही, पण उद्या डोसिटॅक्सेलची केमो द्यायची वेळ आली तर ते औषध याच यंत्रणेवर अवलंबून असते.

पाच आठवडे थांबू नका. ज्यांनी उपचार सुरू केले त्यांना उद्याच फोन करून गोळ्या दुधाबरोबर जात होत्या हे आणि वेदनाशामकाचे नाव, दोन्ही सांगा, आणि क्रिएटिनिन, पोटॅशियम, रक्तदाब यांची नोंद तयार ठेवा. प्रेडनिसोलोन मात्र घाबरून मनानेच बंद करू नका. ते अचानक थांबवणे धोक्याचे असते.


रुग्ण, गुहागर (वय ७४, निवृत्त शिक्षक)

मी या मार्गावर ताईंच्या वडिलांच्या चार वर्षे पुढे आहे, म्हणून अनुभव सांगतो.

दुसऱ्या वर्षी माझा पीएसए किंचित वर सरकला, ०.३ चा ०.५ झाला. एवढ्यावरून झोप उडालेला माणूस काय काय वाचतो हे ज्याचे त्यालाच कळते. रात्री दीड वाजता मोबाइलवर मी हळदीच्या कॅप्सूल मागवल्या आणि डॉक्टरांना न सांगता दिवसाला तीन घेऊ लागलो, कारण हळद म्हणजे आपल्या घरातली, तिच्याविषयी काय विचारायचे? दहाव्या आठवड्यात यकृताच्या तपासणीत एसजीपीटी २९० आले. डॉक्टरांनी स्वाभाविकपणे अ‍ॅबिराटेरॉनवर संशय घेतला आणि ते तीन आठवडे बंद ठेवले. म्हणजे ज्या औषधावर माझा जीव अवलंबून होता ते थांबले, आणि जे मी चोरून घेत होतो ते चालूच राहिले. आकडे उतरेनात. शेवटी पत्नीने कपाटातली बाटली त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. कॅप्सूल बंद केल्यावर सहा आठवड्यांत एसजीपीटी ४० वर आले, अ‍ॅबिराटेरॉन पुन्हा सुरू झाले आणि यकृताने पुढे तक्रार केली नाही.

एका माणसाच्या अनुभवावरून नियम निघत नाही हे मी आयुष्यभर मुलांना शिकवले, तेव्हा इथेही तो काढत नाही. आमटीत, माशांच्या कढीत हळद आजही रोज असते आणि त्याने माझे काही बिघडलेले नाही. लपवू नका, एवढेच माझे सांगणे आहे. आता मी औषधांच्या वहीच्या शेवटच्या पानावर तेल, चूर्ण, काढा, जे जे पोटात किंवा अंगावर जाते ते लिहून नेतो. एकदा डॉक्टर ते पान पाहून हसले, पण त्यांनी ते वाचले.


वेदना व उपशामक उपचार करणारे डॉक्टर, सिंधुदुर्ग

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. एक दुरुस्ती आणि काही भर घालतो.

दुरुस्ती अशी की अ‍ॅबिराटेरॉन उपाशीपोटीच, हा नियम १००० मिलिग्रॅमच्या डोससाठी आहे. अन्नाने शोषण वाढते याचाच उपयोग करून २५० मिलिग्रॅमची एकच गोळी कमी चरबीच्या नाश्त्याबरोबर द्यायची, असा लहानसा तुलनात्मक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला आणि पीएसएवरचा परिणाम पूर्ण डोसच्या तोडीचा दिसला. खर्च परवडत नाही तेथे काही डॉक्टर जाणीवपूर्वक ही पद्धत वापरतात. त्यामुळे शेजारच्या गावातील रुग्ण गोळी नाश्त्याबरोबर घेतो असे ऐकून कोणी गोंधळू नये. चार गोळ्या आणि वर तुपाचे दूध, ही मात्र कोणाचीच पद्धत नाही.

आता सुजेचा मुद्दा. आईंच्या कानावर आले ते अगदीच निराधार नाही. प्रोस्टेटच्या ऊतींत दीर्घकाळ राहिलेला दाह आणि तेथील पेशींतले बदल यांचा संबंध संशोधक अनेक वर्षे अभ्यासत आहेत, आणि प्रयोगशाळेतील काचपात्रात कर्क्युमिन, अ‍ॅस्पिरिन, आपल्या कोकमाच्या सालीतले गार्सिनॉल, ही सगळीच द्रव्ये कर्करोगाच्या पेशींना आवर घालताना दिसतात. पण आजार सुरू होण्यात दाहाचा वाटा असणे आणि आजार हाडांपर्यंत पोचल्यावर दाह उतरवून तो मागे हटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घराला आग ज्या काडीने लागली ती काडी विझवून आग विझत नाही.

ही कल्पना माणसांत तपासली गेलेली आहे. ब्रिटनमध्ये २००५ साली सुरू झालेल्या स्टॅम्पीड या मोठ्या चाचणीत हार्मोन उपचारांना सेलेकॉक्सिब या दाहशामकाची जोड देण्यात आली होती, ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर्षभरापर्यंत. पुरेसा लाभ दिसेना म्हणून तो गट पुढे चालवला नाही आणि २०१२ साली तसे प्रसिद्ध झाले. नंतरच्या विश्लेषणात, सेलेकॉक्सिब आणि हाडांसाठीचे झोलेड्रोनिक आम्ल एकत्र घेतलेल्या व आजार पसरलेल्या रुग्णांच्या उपगटात काहीशी आशा दिसली, पण उपगटातल्या आकड्यावर उपचार उभे करत नाहीत आणि तसा प्रघात पडलेला नाही. त्याच चाचणीतून अ‍ॅबिराटेरॉनचा लाभ मात्र स्पष्टपणे सिद्ध झाला, आणि तेच औषध आपल्या वडिलांना मिळत आहे.

अ‍ॅस्पिरिनबाबत अजून सावध राहावे लागेल. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील १९,११४ निरोगी वृद्धांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्प्री चाचणीत रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत मोठे रक्तस्राव वाढले आणि मृत्यूही किंचित अधिक झाले. त्या जादा मृत्यूंत कर्करोगाने झालेल्यांचा वाटा मोठा होता. उलट, उपचार पूर्ण झालेल्या लवकरच्या टप्प्यातील रुग्णांत अ‍ॅस्पिरिनने आजार परत येणे टळते का, हे तपासण्यासाठी अ‍ॅड-अ‍ॅस्पिरिन ही चाचणी ब्रिटन, आयर्लंड आणि भारतात मिळून घेण्यात आली, आणि प्रोस्टेटचा कर्करोग तिच्यात समाविष्ट होता. म्हणजे प्रश्न विचारण्याजोगा आहे. पण तो आपल्या वडिलांच्या टप्प्याचा प्रश्न नाही. ज्यांना हृदयविकारासाठी किंवा स्टेंटसाठी अ‍ॅस्पिरिन दिलेली आहे त्यांनी माझे हे वाचून ती बंद करू नये. आपल्या वडिलांना तसे कारण नाही, प्रेडनिसोलोन चालू आहे आणि मूत्रपिंड त्रासलेले आहे. अशा पोटात अ‍ॅस्पिरिन म्हणजे अल्सरला आमंत्रण.

कर्क्युमिनच्या चाचण्याही झाल्या आहेत. कोरियात थांबून थांबून हार्मोन उपचार घेणाऱ्या रुग्णांना सहा महिने दिवसाला १४४० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिले गेले. उपचारांविना राहता येण्याचा काळ त्यामुळे वाढला नाही, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. डोसिटॅक्सेलबरोबर दिवसाला ६ ग्रॅम देऊन पाहिलेल्या फ्रान्समधील चाचणीत बनावट गोळीच्या तुलनेत फरक पडला नाही. डाळिंब, ग्रीन टी, ब्रोकोली आणि हळद यांची गोळी घेतलेल्या ब्रिटिश रुग्णांत सहा महिन्यांत पीएसए (मध्यक मूल्याने) १४.७ टक्के वाढला, तर न घेतलेल्यांत ७८.५ टक्के, हा २०१४ चा आकडा आपल्याला कोणीतरी नक्की पाठवेल. पण ते बहुतेक सौम्य आजाराचे रुग्ण होते, मोजला गेला तो पीएसए, आणि चौघांतल्या कोणामुळे त्याची वाढ मंदावली हे त्यातून समजत नाही. वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी या समजुतीला पीसी-स्पेस नावाच्या मिश्रणाने कायमचा धडा दिला. अमेरिकेत प्रोस्टेटच्या रुग्णांत ते फार लोकप्रिय होते आणि पीएसएही खरोखर उतरत असे. २००२ साली ते बाजारातून मागे घेतले गेले तेव्हा त्यात कृत्रिम स्त्रीहार्मोन, रक्त पातळ करणारे वॉरफेरिन आणि इंडोमेथॅसिन हे दाहशामक निघाले होते.

यकृताविषयी गुहागरच्या काकांनी लिहिले ते सुटे उदाहरण नाही. हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे झालेल्या यकृताच्या इजेची प्रकरणे अमेरिकेत व इटलीत नोंदवली गेली आहेत आणि त्यांपैकी अनेक उत्पादनांत मिऱ्याचा अर्क होता.

माझ्या दृष्टीने ताईंच्या पत्रातले सगळ्यांत महत्त्वाचे वाक्य कंबर पुन्हा दुखू लागली हे आहे, आणि हळदीच्या चर्चेत तेच मागे पडायला नको. ज्याच्या मणक्यात आजार आहे त्याचे नवे दुखणे सुजेच्या गोळीने झाकायचे नसते. पाय जड वाटणे, चालताना गुडघे मोडणे, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा, लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, यांपैकी काही दिसले तर ते मज्जारज्जूवर दाब आल्याचे लक्षण असू शकते, आणि मग तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी एमआरआय होईल अशा ठिकाणी पोचावे. परळपर्यंत जाण्याइतका वेळ नसतो. आपल्या भागातून गोव्यातले बांबोळीचे रुग्णालय जवळ पडते. चालण्याची ताकद गेल्यानंतर केलेल्या उपचारांनी ती परत येईलच असे नाही.

तशी लक्षणे नसतील तर दुखऱ्या हाडावर एकाच बैठकीत ८ ग्रे मात्रेचा किरणोपचार देता येतो आणि त्याने पुष्कळांचे दुखणे उतरते. तोवर यकृत ठीक असल्यास पॅरासिटामॉल, आणि ते पुरेना तर ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मॉर्फिनच्या नावाला घाबरणारे आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक महिनाभर बिनघोर खाणारे रुग्ण मी रोज पाहतो. लघवीच्या मार्गात अडथळा नाही ना, हे पाहण्यासाठी पोटाची सोनोग्राफीही करून घ्या, कारण क्रिएटिनिन वाढण्याचे तेही कारण असू शकते.


वैद्य, सावंतवाडी

थोडक्यात लिहितो. कर्करोगाचे औषध चालू असलेला रुग्ण माझ्याकडे आला तर त्याच्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडल्याशिवाय मी त्याला चूर्ण देत नाही, आणि जो वैद्य हे विचारत नाही त्याच्याकडे जाऊ नये असे माझे मत आहे. या रुग्णाला दोन गोष्टी मी स्वतःहून टाळायला सांगेन. एक म्हणजे जेष्ठमध. पावसाळ्यात खोकला झाला की कोकणातल्या घरोघरी त्याचा काढा होतो. परंतु जेष्ठमधाने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम उतरते, आणि अ‍ॅबिराटेरॉनचा दोष नेमका तोच आहे. दुसरे गुग्गुळाचे कल्प, जे कंबरदुखीवर सर्रास घेतले जातात. गुग्गुळामुळे काही औषधांचे रक्तातले प्रमाण घटल्याचे आधुनिक प्रयोगांत दिसले आहे. बिननावाच्या पुडीतली भुकटी दोन दिवसांत दुखणे पळवत असेल, तर तिच्यात स्टेरॉइड किंवा वेदनाशामक कुटून घातले असल्याची शंका घ्यावी.


प्रश्नकर्ती, देवगड तालुका

सर्वांचे मनापासून आभार. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन केला. सुजेची गोळी थांबवली. पट्टीवर अ‍ॅसिक्लोफेनॅकच होते. रक्त तपासले तेव्हा पोटॅशियम ३.१ निघाले आणि त्यासाठी औषध दिले. पाय तपासून घेतले, ताकद व्यवस्थित आहे. एमआरआयमध्ये मज्जारज्जूवर दाब नाही, मात्र दुखणे एका मणक्यातल्या आजाराचेच आहे म्हणून गेल्या गुरुवारी एका बैठकीत किरणोपचार दिला. सोनोग्राफीत अडथळा दिसला नाही. दहा दिवसांनी क्रिएटिनिन १.३ आले आहे आणि घोटे उतरले आहेत.

गोळ्यांची वेळ आईनेच शोधून काढली. वडील पहाटे चारच्या सुमारास लघवीसाठी उठतातच, तेव्हा उशाशी ठेवलेल्या वाटीतल्या चार गोळ्या ते तांब्यातल्या पाण्याबरोबर घेतात. रात्रीचे जेवण साडेआठला झालेले असते आणि दूध साडेपाचला, त्यामुळे दोन्हीकडचे अंतर आपोआप राहते. दुधातले मिरे आणि तूप बंद केले आहे, चिमूटभर हळद राहिली आहे. कॅप्सूलची बाटली काकांना परत दिली, त्यांना थोडे वाईट वाटले.

दोन लहान शंका उरल्या. वडिलांना जेवणानंतर सोलकढी आणि पावसाळ्यात सुका बांगडा लागतोच. ते चालेल का? आणि नागपंचमीला हळदीच्या पानांतल्या पातोळ्या करायच्या आहेत, त्याने काही बिघडणार नाही ना?


निवृत्त औषधनिर्माता, रत्नागिरी

सोलकढी चालेल, पण आगळाची करू नका. आगळ मिठात मुरवलेले असते, आणि रक्तदाब व पाणी साठणे या दोन्ही तक्रारी असलेल्या माणसाला ते मीठ नकळत फार जाते. वाळलेली आमसुले कोमट पाण्यात भिजवून, कोळून, नारळाच्या दुधात हलके मीठ घालून करा. सुक्या बांगड्याचे तेच; चवीपुरता तुकडा कधीतरी, पण ताजा बांगडा आणि तारली मिळतील तेव्हा खुशाल खाऊ द्या. कढीत तिरफळे टाकली तरी हरकत नाही.

पातोळ्या पोटभर द्या. पान तर आपण खातही नाही, सोलून बाजूला ठेवतो. त्याचा वास तेवढा आत जातो. फक्त चतुर्थीला परसातले पपनस फोडाल तेव्हा लक्षात असू द्या की अ‍ॅटोर्वास्टॅटिन घेणाऱ्याला ग्रेपफ्रूट वर्ज्य का असते, त्याचे कारण पपनसातही आहे. वडिलांच्या वाटणीचे पपनस यंदा गणपतीवर टांगायच्या माटवीलाच राहू द्या.